न पुरलेले बोंबील

मे महिन्यातल्या ज्या रविवारची ही हकीकत आहे, त्या दिवशी मी सकाळपासून एकही थाप मारलेली नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे काही झालं ते केवळ या एका हलगर्जीपणामुळे झालं, असं माझं मत आहे. माणसाने आपली रोजची सवय मोडू नये. प्रकृतीला झेपत नाही.

भाईंदरला, नवघरमधल्या आमच्या बिल्डिंगच्या मागे, तळमजल्याच्या खिडक्या आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा आहे. दोन रिक्षा एकामागे एक लावल्या तर तिसरीला रडू येईल, एवढाच. पण आमच्याकडे हल्ली माती दिसली की लोकांच्या हाताला पेव्हर ब्लॉकची खाज सुटते. आमचे सेक्रेटरी योगेंद्र सामंत यांना ती फार दिवसांपासून सुटली होती. सामंत परळहून इथे राहायला आला, सोबत एक गाडी घेऊन आला, आणि इथल्या मोकळ्या हवेत त्या गाडीला दुसरी झाली. तिला उभं राहायला जागा नाही. म्हणून माझ्या वांग्यांनी उठायचं.

मी विरोध केला. मीटिंग झाली, बरीच आरडाओरड झाली, चहा झाला आणि ठराव झाला: श्री. उत्तम पेडणेकर यांनी मे अखेरपर्यंत मागील जागेत 'स्वच्छ व नीटनेटकी' बाग करून दाखवावी. कमिटी पाहणी करील. बाग पसंत न पडल्यास दुसऱ्या दिवशी काम सुरू. त्यासाठी रीतसर गार्डन सब-कमिटीही नेमली. अध्यक्ष मी, सभासद मी. पाण्याचा पाइप लागला की मी कमिटीला अर्ज करायचा, कमिटीने तो अभिप्रायासाठी सब-कमिटीकडे पाठवायचा, म्हणजे परत माझ्याकडे. एकदा मी माझाच अर्ज अपुऱ्या कारणांमुळे फेटाळला होता.

तर तो पाहणीचा रविवार. संध्याकाळच्या चहाला कमिटी खाली उतरणार. पेव्हर ब्लॉकचा ढीग गेटपाशी आधीच येऊन पडलेला, म्हणजे सामंतचा माझ्यावर किती विश्वास होता ते बघा.

खरं तर बाग झकास झाली होती. भिंतीला तोंडलीचा वेल, मधे वांगी, कडेला मोगरा, आणि गळक्या पाइपाखाली अळू. तो पाइप गळतोय म्हणून मी तीन वर्षं तक्रार करत होतो. अळू लावल्यापासून तो कोणी दुरुस्त करू नये म्हणून राखण करतोय. त्या अळवाच्या मागे चांदणी नावाच्या मांजरीने पिल्लं घातली होती. एक भुरं, एक काळं आणि एक असं पांढरं, की जाहिरातीतल्या साबणवाल्याने भाड्याने मागावं. ही तिघं दिवसभर माझ्याबरोबर बागकाम करायची. मी आळं केलं की त्यात एक बसायचं. मी पाइप ओढला की दुसरं त्याच्या शेपटाकडून लटकून यायचं. पांढरं तोंडलीच्या वेलावर चढायचं, उतरता येत नाही म्हणून ओरडायचं, मी उतरवलं की माझ्या तोंडाकडे असं बघायचं की मीच त्याला चढवलं होतं. तेव्हा नुसत्या वांग्यांचा प्रश्न नव्हता. पेव्हर बसले तर हे सगळं बिऱ्हाड जाणार कुठे? सामंतच्या गाडीखाली?

सकाळी बाल्कनीतून आमची मनोरमा म्हणाली, "अहो, ते तण तरी काढा. पाहणीला येणार माणसं, आणि ही एवढी खोकली माजलीय."

खोकली म्हणजे ते पोपटी पानांचं, कुठेही उगवणारं रोपटं. लहानपणी आई खोकल्यावर त्याचा रस द्यायची, आणि तो पुन्हा प्यावा लागेल या भीतीने खोकला जायचा. तर मी बसलो उपटायला. ऊन चढायच्या आत अळवापाशी ढीग केला, मुळासकट, माती झटकून. सरकारी नर्सरीत नसेल एवढी स्वच्छता.

एवढ्यात चांदणी आली. ढिगाचा वास घेतला. एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि धाडकन आडवी पडली. मला वाटलं, गेली! पण नाही. ती त्या ढिगात गाल घासत होती, लोळत होती, चारी पाय वर करून आभाळाला मिठ्या मारत होती, तोंडातून लाळ. दोन पिल्लांची आई असती तर एक वेळ सोडून दिलं असतं, तिघांच्या आईला हे शोभतं का? मी तिला हाकलली. ती गेली नाही. उलट भिंतीवरून शेजारच्या बिल्डिंगचा बोका उतरला आणि तोही आडवा झाला.

मग मांजरं येऊ लागली. मी आकडा सांगत नाही, कारण तुम्ही तो निम्मा कराल. एक कानतुटका बोका भाजी मार्केटातला. एक गुबगुबीत केसाळ बाई पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या एसीतून उठून आलेली. गळ्यात घुंगरू, चेहऱ्यावर 'मला इथे कोणी पाहिलं तर नाही ना' असा भाव. आणि एक आडदांड लाल बोका तर थेट समुद्रकाठच्या तारोडीहून आला असणार, कारण त्याच्या अंगाला होडीच्या डांबराचा वास होता आणि तो भरती-ओहोटी बघून पाऊल टाकत होता. सगळी माझ्या वांग्यांत लोळायला लागली. मी गडबडून, निदान जागा तरी स्वच्छ दिसावी म्हणून, आणखी खोकली उपटायला घेतली.

तेवढ्यात तळमजल्याची खिडकी उघडली. आमचे खजिनदार किरीटभाई. त्यांचं स्वयंपाकघर नेमकं या पट्ट्याला लागून.

"उत्तमभाई! आ शुं छे? इतनी बिल्ली?"

"पाहुणी आहेत."

"मजाक मत करो. खाद में मच्छी डाला ना आपने?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमचे चेअरमन शिवदास भोईर. ही बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वडिलांच्या भाताच्या शेतावर, त्यामुळे जमिनीविषयी शेवटचा शब्द आपला, असं ते समजतात. त्यांनी मागच्या महिन्यात इथेच उभं राहून, उत्तनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मला सल्ला दिला होता: "उत्तम, वांगी पायजे ना तुला? मंग बोंबलाचा कुटा टाक मातीन! सुक्का बोंबील कुटाचा नि पुराचा. डोक्यायवडी वांगी व्हतील, डोक्यायवडी!" किरीटभाईंच्या घरी कांदासुद्धा परवानगी काढून येतो. ते शब्द त्यांनी खिडकीतून ऐकले होते आणि त्या दिवशी त्यांच्या आई जेवल्या नव्हत्या. म्हणून मी, ज्याला सुक्या बोंबलाच्या नुसत्या आठवणीने भूक लागते, त्याने केवळ शेजारधर्म म्हणून शेणखतावर भागवलं होतं. आयुष्यात मी फार थोड्या वेळा असा सज्जनपणाने वागलोय, आणि त्याचं हे फळ!

"किरीटभाई, आईशप्पथ, एक काटासुद्धा टाकलेला नाही."

"आप तो ये भी बोले थे, कि आपके साहब का स्कूटर रातभर मिठागर में खडा रहा और सुबह पूरा नमक का हो गया."

"ती गोष्ट वेगळी."

"और उसको गाय चाट गई."

"हँडल राहिलं होतं," मी म्हणालो. सत्याला जपावं लागतं.

किरीटभाई मनाने चांगले. त्यांनी मला उपायही दिला. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटल्या, त्यात नीळ घातलेलं पाणी. भाईंदरमध्ये तुम्ही हिंडला असाल तर पाहिलं असेल, दुकानाच्या पायरीशी, गाडीच्या चाकाशी, जिथे तिथे या निळ्या बाटल्या उभ्या. त्या बघून कुत्रं तिथे पाय वर करत नाही म्हणतात. का करत नाही हे कुत्र्याला कोणी विचारलेलं नाही. मी म्हटलं, "पण ही मांजरं आहेत." ते म्हणाले, "असर थोडा कम होगा, लेकिन होगा." मी वांग्यांभोवती बाटल्यांचं कुंपण उभारलं. मांजरांनी खरोखरच लोळणं थांबवलं आणि बाटल्या पाडायला घेतल्या. एकीचं बूच सैल होतं. पांढरं पिल्लू तिच्यामागे धावलं, बाटली भळभळली, आणि बाहेर आलं ते निळं पिल्लू. स्वतःचा पाय बघून ते इतकं दचकलं की उलट्या उडीने अळवात पडलं. मी पाइपाखाली धरून धुतलं. फरक एवढाच पडला की गडद निळ्याचं आकाशी झालं, आणि माझे हात गडद झाले.

मग सामंत आला. हातात मोबाइल, काखेत स्पीकर. चेहऱ्यावर एवढं दुःख होतं, की तो आतून किती खूश आहे ते मला लगेच कळलं.

"काका, काय हे? ठरावात 'नीटनेटकी' असा शब्द आहे."

"तू मदत करायला आलायस की शब्द मोजायला?"

"मदतच. सायंटिफिक उपाय. वाघाची डरकाळी लावायची. मांजरं जन्मजात घाबरतात."

आणि त्याने लावली. अहो, काय ती डरकाळी! आमच्या मागच्या भिंतीला प्लास्टर होतं, त्यातलं थोडं कमी झालं. मांजरांपैकी केसाळ बाईने एक कान हलवला, एवढंच. पण पुढच्या गेटमधून कुरियरवाला शिरत होता, त्याने पार्सल जिथल्या तिथे टाकलं आणि बाइक विसरून पळाला. आता, जंगल आमच्यापासून फार लांब नाही, अधूनमधून बिबट्याच्या बातम्या येतात. सोसायटीच्या ग्रुपवर बघता बघता 'मागे बिबट्या' असा मेसेज पडला. वॉचमनने धावत जाऊन गेटला कुलूप घातलं. म्हणजे बाहेर जायला निघालेली जी एक-दोन समजूतदार मांजरं होती तीही आत अडकली.

मी निळ्या बोटांनी ग्रुपवर लिहिलं: 'बिबट्या नाही. मोबाइल आहे. काळजी नसावी. उत्तम पेडणेकर.'

त्याखाली ताबडतोब उत्तर आलं: 'पेडणेकर काका नाही म्हणतायत, म्हणजे नक्की आहे.' त्याला अकरा अंगठे.

तेवढ्यात मनोरमाचा फोन. "अहो, वर या आधी! बिबट्या आलाय!"

"अगं, तो सामंत आहे."

"सामंतांना धरलं?" ती किंचाळली आणि फोन ठेवला. वरून तिने सामंतवहिनींना काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या मिनिटाला त्या खिडकीतून रडत ओरडायला लागल्या, आणि आमच्या सेक्रेटरीला बागेच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात हलवत 'मी आहे, मी आहे' असं सांगावं लागलं. एवढा एक क्षण मला त्या दिवशी बरा गेला.

या गदारोळात माझी नजर चांदणीवर होती. डरकाळी चालू असताना ती एक मुळी दोन पायांत धरून, डोळे मिटून चघळत होती. मुळी! माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ढिगातली एक खोकली उचलून कोपऱ्यात फेकली. सगळी मांजरं कोपऱ्यात. दुसरी फेकली भिंतीकडे. सगळी भिंतीकडे. पानांना कोणी विचारत नव्हतं, सगळा खेळ मुळांचा. मी सकाळपासून आवरण्याच्या नावाखाली त्यांना पंगत वाढत होतो! लगोलग सगळा ढीग पोत्यात भरला, तोंड बांधलं आणि वर बसलो. आता फक्त हे कमिटीला पटवून द्यायचं. खरं बोलायचं आणि मोकळं व्हायचं, त्यात काय कठीण?

कमिटी उतरली. शिवदासभाऊ, सामंत, किरीटभाई. बाल्कन्यांत सगळी बिल्डिंग. वांगी झोपलेली, मोगरा मोडलेला, बाटल्या लोळतायत, मी हात निळे करून पोत्यावर बसलेला.

मी उभा राहिलो आणि सरळ सांगितलं. "ही खोकली. हिच्या मुळांचा वास आला की मांजरांना नशा होते. मी अजाणता उपटली, म्हणून ती जमली. बाकी काही नाही."

मग वरच्या मजल्यावरून कोणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू मजल्यामजल्याने खाली आलं.

"उत्तम," शिवदासभाऊ म्हणाले, "ह्या जमिनीन आमी जलमभर खोकली नांगरली. बैल काय लोळला न्हाय."

"बैल नाही हो, मांजरं!"

"काका, निदान आज तरी," सामंत हळूच म्हणाला. या 'हळूच'चा मला जास्त राग आला.

"थांबा, प्रयोग करून दाखवतो!" मी पोतं सोडलं, सगळ्यात जाड मुळी काढली आणि चांदणीच्या नाकाशी धरली. पण सकाळपासून लोळून लोळून तिचं पोट भरलं असावं. तिने एक डोळा उघडला, मुळीकडे पाहिलं, जांभई दिली आणि कूस बदलली. मी केसाळ बाईकडे गेलो. ती घोरत होती. तारोडीच्या बोक्याने तर मुळीवर पाय ठेवून अंग ताणलं आणि भिंतीवर चढून निघून गेला. बहुधा ओहोटी लागली होती. मी सगळ्या बिल्डिंगच्या डोळ्यांसमोर मुळी घेऊन या मांजराकडून त्या मांजराकडे गयावया करत फिरत होतो. एवढी बेअब्रू मला खोटं बोलताना कधी सोसावी लागली नव्हती.

"ठरलं तर," सामंतने वही मिटावी तसा मोबाइल मिटला. "उद्या सकाळी माणसं येतील. आधी कंबरेएवढी माती खोदून काढायची, मग खडी, मग पेव्हर."

किरीटभाई खाली वाकून नाकाने हवा ओढत होते. "मैं बोलता हूं ना, बास आ रहा है. मच्छी का ही है."

अळवाच्या पानाखालून आकाशी रंगाचं एक तोंड बाहेर आलं आणि सामंतच्या बुटाच्या नाडीशी खेळायला लागलं. मी त्या तोंडाकडे पाहिलं, किरीटभाईंच्या नाकाकडे पाहिलं, आणि दिवसभर धरून ठेवलेलं सत्य खाली ठेवलं. हात भरून आले होते.

"खोदा," मी म्हणालो. "फक्त आठ-दहा दिवस खिडक्या बंद ठेवा."

"क्यूं?"

"पुरलेत."

"शुं?"

"बोंबील. किरीटभाई, आता लपवून काय उपयोग? सुरुवात बोंबलांनी केली. मग जवळा आणला, चांगला दोन पोती. मधल्या थरात मांदेली. आणि अगदी तळाला, मोगऱ्याच्या खाली, एक अख्खी सुरमई आहे."

आणि काय सांगू तुम्हाला, सगळ्यांच्या चेहऱ्यावर विश्वास होता! लख्ख, निखळ विश्वास. एक भुवई वर गेली नाही. वरून कोणी हसलं नाही. माझ्या अंगात बळ आलं.

"अक्खी सुरमई?" शिवदासभाऊंचा आवाज भरून आला. "माजा ऐकलास तर! मी सांगतलेला का न्हाय? सांगतलेला का न्हाय रं, सामंत?"

"मला आठ दिवस वास येतोच आहे," सामंत म्हणाला. "मी बोललो नाही, एवढंच."

"आठ नहीं, महिना हुआ," किरीटभाई भिंतीला टेकत म्हणाले. "मम्मी रोज बोलती हैं. तो निकालो ना बाहर!"

"काढता येईल की. पण ते आता मुरलेत. वरची माती हलली की वाफ धरेल. ती पहिल्यांदा तुमच्या किचनमध्ये, मग जिन्याने वर. सामंत, तुझ्या गाडीचा एसी हवा बाहेरून ओढतो ना? झालं तर. एकदा वास सीटच्या कापडात बसला की गाडी विकावी लागते. पण झाडं आहेत तोवर चिंता नाही. मुळं वास पितात. वांगं तर विशेष पितं, म्हणून ते असं जांभळं पडतं. वर्ष-दोन वर्षांत सगळी माती होईल. कळणारसुद्धा नाही."

"कोई नहीं खोदेगा!" किरीटभाई ओरडले. "मिट्टी को कोई हाथ नहीं लगाएगा! योगेंद्रभाई, लिखो! ठराव लिखो!"

"पण किरीटभाई, पार्किंग..."

"तुम्हारे पार्किंग के लिए मेरी मम्मी मच्छी सूंघेगी?"

"सूचक मी," शिवदासभाऊ म्हणाले. "माती हाय तशीच ऱ्हायल. नि वरशी झाडा लावाची, गच्च."

एकमताने झाला ठराव. पेव्हर ब्लॉक पुढच्या आवारात वापरायचे ठरले. मोगरा आणखी लावायचा, रातराणी लावायची, कढीपत्ता, ओवा, गवती चहा, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं, आणि खर्च सोसायटीचा. माझ्याविरुद्ध निषेध नोंदवण्यात आला. शिक्षा म्हणून मी रोज संध्याकाळी किरीटभाईंच्या खिडकीखाली उदबत्त्या लावायच्या. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मान खाली घालावी लागली, कारण तोंड आवरत नव्हतं.

वर गेलो. मनोरमाने चहा समोर आदळला.

"लाज नाही वाटली? त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या नाकाखाली सुरमई पुरलीत? आणि घरात आणायची म्हटलं की भाव सांगता!"

"अगं, तुला तरी खरं सांगतो. काही पुरलेलं नाही. बागेत माशाचं खवलंसुद्धा नाही."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. बत्तीस वर्षांचा संसार, म्हटलं आता हिचा चेहरा फुलणार.

"नाही ना? मग सकाळपासून वास कसला येतोय?" ती म्हणाली, उठली आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं.

दिवे लागायच्या सुमारास उदबत्त्या घेऊन खाली गेलो. मांजरं पांगली होती. चांदणी अळवामागे पिल्लांना चाटत होती. आकाशी पिल्लाला चाटून तिची जीभ निळी पडली होती. मी वांग्यांना काठ्यांचा आधार दिला, पाणी घातलं, उदबत्त्या रोवल्या. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून खाली वाकलो आणि मोगऱ्याच्या बुंध्याशी नाक नेऊन जोरात श्वास घेतला.

येत होता. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? बोंबलाचा थोडा कमी होता, सुरमईचा जास्त.